आडव्या टाकीची पट्टी

हॉस्पिटलच्या जनरेटरला नवी खोली मिळाली ती जिन्याखालची. तिथं माणसालाच मान वाकवून शिरावं लागे, मग हजार लिटरची उभी टाकी कुठून मावणार? म्हणून ठरलं, डिझेलची टाकी आडवी करायची. मिस्त्रींनी चाळीस वर्षांत पत्र्याच्या शेकडो टाक्या केल्या होत्या, पण झाडून सगळ्या पायांवर उभ्या. तरी त्यांना यात काही विशेष वाटलं नाही.

"उभी काय नि आडवी काय," ते म्हणाले. "माणूस झोपला म्हणून त्याचं वजन कमी होतं का?"

कारखान्यात सगळे हसले. कारखाना म्हणजे घरामागची लांब शेड. एका टोकाला पत्रा कापायचं मशीन, मध्ये वाकवायचा रोलर, पलीकडे वेल्डिंगचा कोपरा आणि खिडकीपाशी एक टेबल. त्या टेबलाशी मिस्त्रींची थोरली सून बसायची, मांडीवर दहा महिन्यांची चिमणी घेऊन. सून गणितात पदवीधर. लग्नाआधी दोन वर्षं क्लासमध्ये शिकवायची. चिमणी झाल्यावर क्लास सुटला आणि हे टेबल मिळालं. मिळालं म्हणजे काय, रिकामं होतं, ती जाऊन बसली.

मिस्त्रींची रीत जुनी. टाकीचा घेर काढायचा तर व्यासाची तिप्पट, वर व्यासाचा सातवा हिस्सा आणि सांध्याला दोन बोटं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तिला हसू आलं होतं, कारण पुस्तकातलं बावीस सप्तमांश ते हेच, फक्त इथं त्याच्या बोटांना काळं ग्रीस लागलेलं होतं. पण घेरापलीकडे सगळा अंदाजपंचे कारभार. टाकीची दोन गोल झाकणं पत्र्यात कुठंही काढायची आणि उरलेले तुकडे भंगारात. तिनं कागदावर पृष्ठफळ मांडलं, अंगाचा आयत इथं, झाकणांची वर्तुळं तिथं, आणि दोन टाक्यांच्या भंगारात तिसऱ्या टाकीची झाकणं बसवून दाखवली. तेव्हापासून कुठलीही टाकी करायची म्हटलं की मिस्त्री ओरडायचे, "सूनबाईचं पान आण रे!" गिऱ्हाईक समोर असलं तर मात्र नुसतं "पान आण" म्हणायचे.

आडव्या टाकीचंही पान तिनंच केलं. व्यास एक मीटर, लांबी एकशे सत्तावीस सेंटिमीटर आणि वर तीन मिलिमीटर, पोटात बरोबर हजार लिटर. हे काम घरात आलं होतं तेही तिच्याच वडिलांमुळे. अण्णा त्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं जनरेटर सांभाळत होते. नव्या टाकीचं निघालं तेव्हा त्यांनीच शब्द टाकला, आमच्या व्याह्यांचा हात पक्का आहे म्हणून. ही टाकी नीट बसली तर हॉस्पिटलच्या बाकीच्या इमारतींच्या आठ टाक्याही याच कारखान्याला मिळणार होत्या.

राहिली होती पट्टी. प्रत्येक टाकीबरोबर एक पितळी पट्टी जायची. वरच्या भोकातून ती आत सोडायची, बाहेर काढायची आणि कुठवर ओली झाली ते बघायचं. पट्टीवर छिन्नीनं दहा खुणा, शंभर लिटरची एक. दोन खुणांमधलं फूटपट्टीनं मोजायचं. मिस्त्रींच्या खुणा म्हणजे केसाचाही फरक नाही.

तिनं पट्टीचं गणित मांडायला घेतलं आणि सगळी सकाळ त्यात गेली. उभ्या टाकीचं सोपं असतं, तळापासून वरपर्यंत अंग सारखं. आडव्या टाकीचा तळ अरुंद, पोट सुटलेलं आणि वर परत अरुंद. तळाशी शंभर लिटर ओतले तर पातळी चांगली आठ बोटं चढते, तेच शंभर लिटर पोटाशी चार बोटांत मावतात. पहिली खूण आली साडेपंधरा सेंटिमीटरच्या जरा वर. दुसरी तिच्यापासून जेमतेम दहावर. मग साडेआठ, मग आठ, आणि मधल्या दोन आठाच्याही आत. तिथून वर तेच उलट्या क्रमानं. चिमणीला एका हातानं धरून तिनं पट्टीवर खडूनं रेघा मारल्या आणि धाकट्या दिराकडे छिन्नी मारायला दिली.

धाकट्यानं पट्टी डोळ्यांसमोर धरली. "वहिनी, खुणा करताना झुल्यावर बसला होतात का?"

"त्या तशाच असतात. टाकी आडवी आहे ना."

"टाकी आडवी आहे, पण तुम्ही तर पट्टीलाच आडवं केलंत!"

मिस्त्री हात पुसत आले. पट्टी लांब धरून एक डोळा मिटून त्यांनी पाहिली. "ही काय दात पडलेली पट्टी? असली वस्तू माझ्या कारखान्यातून बाहेर गेली तर लोक म्हणतील म्हातारा प्यायला लागला."

"बाबा, ऐकता का, तळाशी डिझेल कमी मावतं, म्हणून—"

"अगं, तिच्या तोंडात काय आहे बघ आधी!" दारातून सासूबाई ओरडल्या.

चिमणीच्या तोंडात पत्र्याचा कुरळा कीस होता. सुनेनं तो बोटानं ओढून काढला. मग पाणी पाजणं, जीभ बघणं, ओठ बघणं, पोरगी रडायची थांबेपर्यंत तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं. अर्ध्या तासानं ती परत आली तेव्हा धाकट्यानं नवी पट्टी कापून तिच्यावर दहा-दहा सेंटिमीटरवर दहा सारख्या खुणा ठोकल्या होत्या. तिची पट्टी भंगाराच्या ढिगात पडली होती.

तिनं पाहिलं आणि ती काही बोलली नाही.

का बोलली नाही, याची कारणं पुढं तिनं स्वतःला बरीच दिली. मिस्त्रींचा चेहरा असा होता की पुढं बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. शिवाय पट्टी वाचणार तर अण्णाच, त्यांना फोनवर सांगता येईल. पण फोन हातात घेतला की वाटायचं, सासरचं उणं माहेरी कशाला न्यायचं? त्यातून अण्णा पडले सरळ, उद्या व्याह्यांना तोंडावर विचारतील. आज नको, उद्या, असं करत महिना गेला. टाकी बसली, काठोकाठ भरली, पट्टीनं हजार दाखवले. सगळे खूश.

महिना संपला त्या दुपारी आईचा फोन आला. "अण्णा घरी बसलेत."

"बरं नाहीये का?"

"बरं आहे. चोर आहेत म्हणे."

आई अशीच बोलायची, रडू यायला लागलं की तिरकं. हळूहळू उलगडलं ते असं. महिनाभरात जनरेटर वीस तास चालला. तासाला दहा लिटर म्हणजे दोनशे लिटर गेले, टाकीत आठशे उरायला हवे. अण्णांनी पट्टी घातली, ती सातशे शेहेचाळीस म्हणाली. तीन वेळा घातली. मग टाकीच्या खाली हात फिरवून कुठं गळतंय का पाहिलं. कुठं गळत नव्हतं. तेव्हा हा गृहस्थ स्वतःहून स्टोअरच्या बाईंकडे गेला आणि म्हणाला, चोपन्न लिटर डिझेल कमी भरतंय, चौकशी करा. चौकशी लागली, पण त्यांचीच. खोलीची किल्ली एकट्या त्यांच्याकडे. दुसरा माणूस नेमला आणि निकाल लागेपर्यंत त्यांना घरी बसवलं. निवृत्तीला राहिले होते सात महिने.

"आठशे लिहायचे तिथं आठशे लिहिले असते तर कुणाच्या बापाला कळणार होतं?" आई म्हणाली. "पण नाही. हे पडले हरिश्चंद्र!"

आई बोलत होती, पण हिच्या कानांवर पुढचं काही पडलं नाही. सातशे शेहेचाळीस. म्हणजे पट्टी ओली झाली चौऱ्याहत्तर सेंटिमीटर आणि वर सहा मिलिमीटर. तिच्या पानावर आठशे लिटरची खूण नेमकी तिथंच होती. डिझेलचा थेंब कुठं गेला नव्हता. आठशेच्या आठशे लिटर त्या टाकीत गपगार पडून होते.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो शांत माणूस. इतका शांत की त्याचं मत काय ते त्याचं त्यालाही कळत नसावं.

"बाबांना विचारून बघ," तो म्हणाला.

"विचारायचं काय त्यात? पट्टी चुकलीय."

"मग सांगून बघ."

"तू चल माझ्याबरोबर."

"मी आहेच की," तो म्हणाला आणि टॉवेल घेऊन अंघोळीला गेला.

मिस्त्रींना आकडे सांगून उपयोग नव्हता. म्हणून तिनं चिमणीच्या दुधाच्या पावडरचा रिकामा गोल डबा घेतला, झाकण मेणानं बंद केलं, अंगाला एक चीर पाडली आणि डबा दोन विटांमध्ये आडवा ठेवला. शेडमध्ये दुपारचा चहा चालू होता. एकाच पेल्यानं ती पाणी ओतत गेली. प्रत्येक पेल्यानंतर लाकडी काडी आत घालायची आणि ओलं संपेल तिथं पेन्सिलीनं रेघ. धाकटा पहिल्या पेल्याला म्हणाला, "वहिनींनी चहाचं दुकान काढलं." तिसऱ्या पेल्याला तो वाकून काडी बघायला लागला. दहावा पेला ओतून झाल्यावर तिनं काडी मिस्त्रींच्या हातात दिली. दोन्ही टोकांना लांब लांब, मध्ये दाटीवाटी. दात पडलेली.

मिस्त्रींनी काडीवरच्या रेघा अंगठ्यानं चाचपल्या. मग त्यांनी पाणी ओतून टाकलं, डबा उभा केला, परत आडवा केला, स्वतः पेला घेऊन पहिल्यापासून मोजलं. त्यांचा हात थांबला तो पाचव्या पेल्याला. समजलं होतं त्यांना. हाताला समजलं होतं, आणि ते तिनं पाहिलं. दोन-चार शब्द ऐकायला मिळतील म्हणून ती उभी राहिली.

"हं," मिस्त्री म्हणाले. "हे बाहेर बोलायचं नाही."

"बाबा, अण्णांवर चोरीचा आळ आहे."

"आळ काय, येतो नि जातो. चाळीस वर्षांचं नाव एकदा गेलं की जातं. आठ टाक्या यायच्यात. त्यांना जाऊन काय सांगू? मिस्त्रीला मापं येत नाहीत?"

"एकतीस वर्षं त्यांचंही नाव आहे."

"व्याह्यांचं मला वाईट वाटत नाही असं का वाटतं तुला? पण निवृत्तीला आलेच ते. जरा आधी घरी बसले, एवढंच."

तेवढ्यात सासूबाई आल्या आणि चिमणीला उचलून म्हणाल्या, "दुधाचा डबा ओला का केलास? त्यात मी डाळ भरणार होते."

इकडे हॉस्पिटलात टाकी आपले रंग दाखवत होती. नव्या माणसाच्या हाताखाली जनरेटर चालत राहिला आणि पंधरवड्यात डिझेल निम्म्यावर आलं. निम्म्यावर दोन्ही पट्ट्या सारख्याच असतात. तासांचा हिशेब म्हणाला पाचशे, पट्टी म्हणाली पाचशे. हॉस्पिटलभर झालं, बघा, माणूस बदलला आणि हिशेब जुळला. आईला हे वाण्याच्या दुकानात ऐकायला मिळालं. ती पिशवी तिथंच ठेवून घरी आली.

पुढं तर कहर झाला. तासांप्रमाणे दोनशे लिटर उरायला हवे होते, तेव्हा पट्टीनं दाखवले दोनशे चोपन्न. खाल्ल्या निम्म्यात पट्टी उलटी चुकते, जे वर खाल्लं ते खाली ओकते. पण हे कुणाला ठाऊक? नवा माणूस इतकी काटकसर करतो की डिझेल वाढतं, म्हणून त्याचं कौतुक झालं. आणि ज्यांना डिझेल वाढत नसतं एवढी अक्कल होती त्यांनी दुसरा अर्थ काढला. चोपन्न गेले होते, चोपन्नच परत आले. म्हाताऱ्यानं घाबरून रातोरात आणून ओतले असणार.

अण्णांनी घराबाहेर पडणं सोडलं. ती चिमणीला घेऊन भेटायला गेली तेव्हा ते खुर्चीत बसून बोटांवर काही मोजत होते. तिला बघून म्हणाले, "वीस तासच चालला होता गं. का मीच चुकलो? एखाद वेळी चालू ठेवून झोप लागली असेल का मला?" एकतीस वर्षांत न चुकलेला माणूस स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास घालवून बसला होता. तिथं, त्या क्षणी, तिनं सांगायला हवं होतं. ओठांवर आलं होतं. पण अण्णांना ती ओळखत होती. ते उठून तडक मिस्त्रींकडे गेले असते, मोठ्यानं बोलले असते, आणि त्यानंतर तिला त्या शेडमध्ये, त्या घरात, चिमणीला घेऊन राहायचं होतं. आधी हॉस्पिटलात जाऊन बघू, ती मनाशी म्हणाली. चौकशीचा निकाल चार दिवसांवर होता.

स्टोअरच्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी चिमणीला पेपरवेट खेळायला दिला, आणि हिनं तो लगेच काढून घेतला, कारण तो तोंडात मावण्याएवढा होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, काडी बघितली, पान बघितलं.

"टाकी भरली तेव्हा पट्टीनं हजार दाखवले. बरोबर?"

"बरोबर."

"निम्मी झाली तेव्हा पाचशे. बरोबर?"

"हो, कारण मध्यावर—"

"मग पट्टी चुकीची कशी? चुकीची वस्तू सगळीकडे चुकते. एक घड्याळ मागं आहे तर ते सकाळीही मागं असेल नि दुपारीही."

"बाई, हे घड्याळासारखं नाही. हे कधी मागं पडतं, कधी पुढं जातं आणि मध्ये एकदा बरोबर येतं."

"म्हणजे नव्या माणसाकडे डिझेल वाढलं, तेही पट्टीनंच वाढवलं?"

"हो."

बाई हसल्या. कुत्सितपणे नाही, दमलेल्या माणसासारख्या. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"मुलगी."

"आणि टाकी केली त्या कारखान्याच्या?"

"सून."

"बघा आता. मी उद्या फाइलवर काय लिहू? मुलगी म्हणते बाप निर्दोष आहे?"

"तुम्ही टाकी उपसून मोजून बघा. बादल्यांनी मोजा. दोनशेच निघतील."

"चालू हॉस्पिटलच्या जनरेटरची टाकी उपसायला मला पाच सह्या लागतील, आणि परवा तर ती भरायची आहे. तुमचं गणित खरंही असेल हो. पण मला गणित नको, कागद हवा. कारखान्याच्या लेटरहेडवर लिहून आणा की पट्टी चुकली. मी लगेच फाइल बंद करते."

ती घरी आली ती सरळ शेडमध्ये. रोलरवर पहिल्या दोन टाक्यांचा पत्रा चढला होता, म्हणजे आठांचं काम येऊन पोचलं होतं. आठही आडव्या. धाकटा म्हणाला, "वहिनी, पानं कधी देताय?" आणि मिस्त्री सहज बोलल्यासारखं म्हणाले, "आणि ती तुझी वाकडी पट्टी पण कर. आठ."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याजवळ काहीतरी आहे.

"पट्ट्या करीन," ती म्हणाली. "आधी हॉस्पिटलला पत्र द्या. पहिली पट्टी चुकली म्हणून."

शेडमधला आवाज थांबला. सासऱ्यांशी अशी ती कधी बोलली नव्हती. तिनं चिमणीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"नाही दिलं तर?"

"नाही दिलं तर करा दहा-दहा सेंटिमीटरवर. आठ इमारतींत आठ चोर निघतील."

मिस्त्रींनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं ते वाकायला नकार देणाऱ्या पत्र्याकडे बघत. रागानं नव्हे. कुठं दाब द्यावा ते शोधत. मग थोरल्याला हाक मारली, कागद घ्यायला सांगितलं आणि मजकूर सांगायला लागले. नवरा खाली मान घालून लिहीत होता.

"सदर पट्टीवरच्या खुणा आमच्या सूनबाईंनी केल्या होत्या. मूल लहान असल्यामुळे, जागरणामुळे त्यांच्याकडून अनवधानानं चूक झाली. आमच्या नजरेस येताच आम्ही मापं तपासून दुरुस्त केली आहेत. दुरुस्त तक्ता सोबत जोडला आहे. खाली सूनबाईंची सही, नंतर माझी."

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

"अर्धं खोटं आहे. खुणा तू केल्या होत्यासच की."

"माझ्या बरोबर होत्या."

"म्हणून तर अर्धं म्हणतो."

दुरुस्त तक्ता म्हणजे तिचंच पान. तिच्याच अक्षरातलं, खाली 'तपासून दुरुस्त केले' आणि मिस्त्रींची सही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पेनचं टोपण लावत होता, काढत होता, लावत होता.

"तुझ्या वडिलांसाठीच आहे ना हे?" तो म्हणाला.

सासूबाई दारात होत्याच. "सही केली म्हणून काय अंगाला भोकं पडतात? बायकांची चूक कोण लक्षात ठेवतंय? चार दिवस बोलतील, विसरतील."

"आणि एक," मिस्त्री म्हणाले. "घरातली गोष्ट घरात. व्याह्यांनासुद्धा नाही."

हे त्यांनी सांगायची गरजच नव्हती. अण्णांना खरं कळलं असतं तर हा कागद टिकलाच नसता. जो माणूस स्वतःची चोपन्न लिटरची तक्रार स्वतः घेऊन गेला, तो मुलीच्या नावावरच्या खोट्या सहीनं सुटायला तयार झाला असता? तोच कागद बाईंच्या टेबलावर ठेवून म्हणाला असता, हे खोटं आहे, फाडा. आणि मग बाईंना कागद उरला नसता, नुसतं गणित उरलं असतं. म्हणजे अण्णांना वाचवायचं तर अण्णांपासूनच लपवायचं. तिनं चिमणीला टेबलावर बसवलं, एका हातानं तिचं पोट धरलं आणि दुसऱ्या हातानं सही केली. सही वाकडी आली. धाकटा काहीतरी विनोद करणार होता, पण त्यानंही तो गिळला.

बाई शब्दाला जागल्या. दोन दिवसांत फाइल बंद झाली, अण्णा कामावर रुजू झाले. नव्या माणसाचं कौतुक मात्र कुणी मागं घेतलं नाही. कारखान्यात तिच्या पट्टीच्या आठ प्रती निघाल्या. मिस्त्रींनी प्रत्येकीच्या टोकाला कारखान्याच्या नावाचा ठसा मारला, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला ते काडी-डब्याचा तो खेळ करून दाखवायला लागले. "आडव्या टाकीचं माप येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे," असं म्हणायचे.

पुढच्या रविवारी अण्णा आले. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. महिन्याभरानं माणूस माणसासारखा दिसत होता. व्याह्यांना नमस्कार-चमत्कार झाले, चहा झाला. मग ते शेडमध्ये खिडकीपाशी आले, चिमणीला घेऊन टेबलाच्या कडेला टेकले आणि हळू आवाजात म्हणाले, "तू तोंड चुकवतेस का माझ्यापासून? मी रागावलेलो नाही."

तिनं टेबलावरची पानं गोळा करायला घेतली.

"बाईंनी मला कागद वाचून दाखवला. पहिल्यांदा वाटलं, माझी पोरगी? गणितात? मग म्हटलं, कडेवर मूल, घरात एवढी माणसं, एवढं काम. होतं असं. माझ्याच नशिबात होतं ते तुझ्या हातून झालं."

"अण्णा..."

"राहू दे. तिथं लोक विचारतात मला, काय झालं होतं हो? मी सरळ सांगतो, माझ्या मुलीकडून माप चुकलं. लपवायचं काय त्यात? चोर म्हणण्यापेक्षा बरं. आणि पोरीची चूक बापानं पोटात घालायची नाही तर कुणी घालायची?"

रोलरपाशी मिस्त्री पत्रा लावत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, "अहो व्याही, पोर आहे. शिकलेली असली तरी पोरच."

"तेच म्हणतो मी," अण्णा म्हणाले आणि तिच्याकडे वळले. आवाजात इतकी माया होती की तिला तिथून उठून जावंसं वाटलं. "एक सांगू? राग मानू नकोस. असलं जोखमीचं माप असलं ना, की सासऱ्यांना एकदा दाखवून घेत जा. जुना हात आहे."

चिमणीनं त्यांच्या खिशातलं पेन ओढलं होतं आणि ते ती तोंडाकडे नेत होती. तिनं ते पेन चिमणीच्या हातातून काढून घेतलं.

"हो," ती म्हणाली. "दाखवत जाईन."